हिटलरच्या युद्धाला साथ दिली, ही कबुली चर्चने कशी दिली?

२९ एप्रिल २०२० रोजी जर्मनीच्या कॅथलिक बिशप परिषदेने तेवीस पानांचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतले बिशप काय बोलले, काय बोलले नाहीत आणि त्याचा परिणाम काय झाला, हा त्याचा विषय. भारतात तेव्हा लॉकडाऊन होता. महामार्गावरून पायी निघालेल्या मजुरांच्या बातम्यांमध्ये ही बातमी आपल्याकडे कोणाच्या नजरेला पडली नाही. आम्हालाही ती बऱ्याच उशिरा कळली.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढे गावात रविवारी वंदना झाल्यावर आम्ही काही तरुण-तरुणी थोडा वेळ वाचन करतो. एका रविवारी हा विषय निघाला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ताईने विचारले, "दादा, चर्चचं आपल्याला काय? आपला प्रश्न मनुवादाचा आहे." प्रश्न रास्त होता. हा लेख म्हणजे तिला दिलेले सविस्तर उत्तर समजावे.

त्या दस्तऐवजात बिशपांनी मान्य केले ते थोडक्यात असे. १९३९ ते १९४५ या काळात त्यांच्या बहुतेक पूर्वसुरींनी युद्धाला स्पष्ट 'नाही' म्हटले नाही. उलट सैनिकांना कर्तव्य, निष्ठा आणि त्याग यांचेच धडे दिले. चर्चच्या इमारतींत लष्करी दवाखाने चालले, हजारो धर्मगुरू सैन्याबरोबर गेले. बिशपांना नाझी विचार पटत होता असे नाही. तरीही त्यांच्या अशा वागण्यामुळे ते युद्धात सहअपराधी ठरले, असे त्यात लिहिले आहे. आपण पूर्वजांवर न्यायाधीश म्हणून बसत नाही, पण इतिहासाला तोंड देणे टाळता येणार नाही, असेही त्यात आहे.

'सहअपराधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. "त्या काळी परिस्थितीच तशी होती", "आमच्यातल्या काही लोकांकडून चुका झाल्या" अशा वाक्यांची आपल्याला सवय आहे. 'काही लोक' म्हटले की संस्था मोकळी सुटते. इथे संस्थेच्या वरिष्ठांनी संस्थेच्या वरिष्ठांबद्दलच लिहिले आहे.

मुळात घडले काय होते? १९३३ च्या आधी जर्मनीतले अनेक बिशप कॅथलिकांना नाझी पक्षात जाण्यास मनाई करत होते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. २३ मार्चला त्याला अमर्याद अधिकार देणारा कायदा संसदेत मंजूर झाला. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने त्याच्या बाजूने मत दिले. पाचच दिवसांनी बिशपांनी आपली मनाई मागे घेतली. २० जुलै १९३३ रोजी व्हॅटिकन आणि जर्मनी यांच्यात करार झाला. व्हॅटिकनच्या वतीने सही करणारे कार्डिनल पाचेली हेच १९३९ मध्ये पोप पायस बारावे झाले. आमच्या शाळा, आमच्या संस्था, आमची उपासना यांना हात लावू नका, मग राजकारणात आम्ही पडणार नाही, असा त्या व्यवहाराचा अर्थ होता. हिटलरने तो करार पाळला नाही. १९३७ मध्ये पोपने नाझी राजवटीवर टीका करणारे पत्र जर्मन भाषेत लिहिले आणि ते जर्मनीभर चर्चमधून वाचले गेले. पण तोवर उशीर झाला होता.

सगळेच गप्प होते असे म्हटले तर तेही खोटे ठरेल. मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये व्यासपीठावरून उघड सांगितले की सरकार मनोरुग्ण आणि अपंग माणसांना ठार मारत आहे. त्या प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर गेल्या आणि त्याच महिन्यात हिटलरला ती मोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली. छुप्या रीतीने हत्या पुढेही चालू राहिल्या हे खरे, पण बोलल्याने फरक पडत होता हेही त्यातून सिद्ध झाले. मग ज्यूंसाठी असे प्रवचन का झाले नाही? गालेन यांनीही ते केले नाही. बर्लिनच्या कॅथेड्रलचे धर्मगुरू बर्नहार्ड लिश्टेनबर्ग मात्र ज्यूंसाठी उघडपणे प्रार्थना करत राहिले. त्यांना १९४१ मध्ये अटक झाली आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीकडे नेताना त्यांचा मृत्यू झाला. डाखाऊमध्ये अडीच हजारांहून अधिक कॅथलिक धर्मगुरू कोंडलेले होते, त्यात बहुसंख्य पोलंडचे. म्हणजे याच चर्चमध्ये मार खाणारेही होते आणि मारणाऱ्याला आशीर्वाद देणारेही. युद्धानंतर चर्चने बरीच वर्षे फक्त पहिल्यांची यादी पुढे केली.

आम्हाला यात सर्वांत जवळचा वाटला तो एक शेतकरी. फ्रान्झ यागरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यातला. घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यासाठी मतदान झाले तेव्हा गावातून विरोधात मत देणारा हा एकटाच. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात मी शस्त्र उचलणार नाही, असे त्याने ठरवले. तो सल्ला मागायला आपल्या बिशपकडे गेला. बिशपने सांगितले, बायका-पोरांचा विचार कर, युद्ध न्यायाचे आहे की नाही हे ठरवणे तुझे काम नाही. चौथी शिकलेल्या आपल्याकडच्या एखाद्या शेतमजुराला गावचे पुढारी "तुला काय कळतं त्यातलं" म्हणतात तसेच झाले. फ्रान्झ मागे हटला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद केला गेला. वय ३६.

यापुढची गोष्ट जास्त बोचणारी आहे. युद्ध संपले, हिटलर गेला, तरी गावाला आणि चर्चला फ्रान्झ नकोसाच होता. त्याच्यावरचा लेख बिशपने आपल्या साप्ताहिकात छापू दिला नाही. आज्ञा पाळून लढताना मेलेले सैनिक हेच खरे आदर्श, असे बिशपचे म्हणणे होते. फ्रान्झिस्काला युद्धपीडितांचे निवृत्तिवेतनही सुरुवातीची काही वर्षे नाकारले गेले. कारण उघड होते. हा शेतकरी बरोबर होता असे म्हटले तर गावातली बाकीची सगळी घरे चुकीची ठरत होती. ज्यांची मुले आघाडीवर मेली त्यांना हे कोण सांगणार?

ज्या सैन्याला बिशप कर्तव्याचे धडे देत होते, त्याच्या मशीनगनसमोर आपली मराठी मुलेही उभी होती, हे इथे नोंदवून ठेवतो. आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ज्या ज्यूंना युरोपात गाड्यांत कोंबून नेले जात होते, त्यांच्याच धर्माचे बेने इस्रायल लोक आपल्या कोकणात 'शनिवार तेली' म्हणून मराठी बोलत शेकडो वर्षे नांदत होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी रेडिओवरून बोलताना हे युद्ध जिंकणे मजुरांसाठी का आवश्यक आहे ते समजावून सांगितले. वंशश्रेष्ठत्वावर उभा असलेला नाझीवाद जिंकला तर समतेची भाषाच संपेल, हे त्यांना दिसत होते.

आता कबुलीकडे येऊ. ती एका दिवसात आली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये बिशपांनी पहिले पत्र काढले. आपल्यातल्या अनेकांकडून अपराध झाले एवढे त्यात होते, पण बिशप म्हणून आपण काय केले यावर फार काही नव्हते. १९६२ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'जर्मन कॅथलिक आणि हिटलरची युद्धे' या विषयावर पुस्तक लिहिले. झान स्वतः कॅथलिक होता आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र घेण्यास नकार दिला होता. बिशपांची पत्रे, प्रवचने, परिपत्रके तपासून त्याने दाखवले की चर्चने सामान्य माणसाला युद्धात ढकलायला मदत केली. जर्मन कॅथलिक वर्तुळात त्याच्यावर मोठा राग धरला गेला. यागरश्टेटरची गोष्ट जगासमोर आणली तीही झाननेच, १९६४ मध्ये. २०२० चा दस्तऐवज जे सांगतो त्याचा गाभा या माणसाने ५८ वर्षे आधी सांगितला होता. समाजशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना याचा थोडा अभिमान वाटतो, हे कबूल. (सामूहिक स्मृती ही संकल्पना ज्यांच्या नावाने आम्ही परीक्षेत लिहितो ते मॉरिस हाल्बवाक्स मार्च १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत वारले, हे मात्र एम.ए.च्या दोन वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नव्हते.)

१९६५ मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र पाठवले. आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो, असा त्याचा आशय. साठ लाख नागरिक गमावलेल्या देशाने पहिला हात पुढे केला, ही गोष्ट साधी नव्हे. १९७५ मध्ये जर्मन चर्चच्या वुर्झबर्ग परिषदेने मान्य केले की छळल्या जाणाऱ्या ज्यूंकडे पाठ फिरवून आपण जगलो. फ्रान्सच्या बिशपांनी १९९७ मध्ये द्रान्सी इथे, जिथून फ्रान्समधल्या ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे पाठवले गेले तिथेच उभे राहून, आपल्या मौनाबद्दल माफी मागितली.

तरी आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे काम झाले ते २००० ते २००८ या काळात, आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. युद्धकाळात चर्चच्या दवाखान्यांत, मठांत, शेतांत आणि दफनभूमीत सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबवले गेले होते. २००० मध्ये हा विषय वर्तमानपत्रांत गाजला. आधी टाळाटाळ झाली. मग चर्चने जुन्या वह्या, हजेरीपत्रके, पगारनोंदी उघडल्या आणि इतिहासकारांना कामाला लावले. २००८ मध्ये सातशेहून अधिक पानांचा अहवाल आला. ७७६ संस्था, ४,८२९ नागरी मजूर आणि १,०७५ युद्धकैदी. नुसता आकडा काढून थांबले नाहीत, जिवंत असलेल्यांचा शोध घेतला. ५८७ जण सापडले आणि त्यांना प्रत्येकी सुमारे २,५५६ युरो देण्यात आले. साठ वर्षांनंतर, म्हातारपणी, अडीच हजार युरो. रक्कम पुरेशी होती का? नव्हती. राबवलेले बहुतेक जण तोवर मरूनही गेले होते. पण आमच्या संस्थेने तुला फुकट राबवले, हे नावानिशी कागदावर आले.

आमच्या वाचनात इथे सगळे थांबले. गावात पाणवठा कोणी बंद केला, कोणत्या वाड्यावर कोण किती वर्षे वेठबिगार राबला, मेलेले ढोर कोणी कोणाकडून ओढवून घेतले, हे आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ होते. कागदावर मात्र त्यातले काहीच नाही. महाडच्या तळ्याची नोंद राहिली कारण बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह केला आणि कोर्टात खटला लढवला. महाराष्ट्रातल्या हजारो विहिरींचे काय? जुन्या वह्या ज्यांच्या घरात आहेत ते उघडणार नाहीत. चर्चनेही लोकलाज आणि पत्रकारांचा रेटा आल्यावरच उघडल्या.

व्हॅटिकनचे प्रकरण अजून संपलेले नाही. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममध्ये, पोपच्या निवासस्थानापासून हाकेच्या अंतरावर, नाझींनी ज्यूंची धरपकड केली. हजाराहून जास्त जणांना ऑशविट्झला पाठवले. सोळा परतले. पोपने जाहीर निषेध केला नाही. त्याच वेळी रोममधल्या मठांत हजारो ज्यूंना लपवलेही गेले. पोपने मौन भीतीने पाळले, डावपेच म्हणून पाळले की माणसे वाचवण्यासाठी, यावर साठ वर्षे वाद चालला. २ मार्च २०२० रोजी त्या पोपच्या काळातले दप्तर अभ्यासकांना खुले झाले. २ मार्च ही तारीख आपल्याला काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे पाठ आहे, १९३० ची. तिथे दरवाजा बंद राहिला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या दप्तरातले एक पत्र प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९४२ मध्ये एका जर्मन जेझुइट धर्मगुरूने पोपच्या सचिवाला लिहिलेले. पोलंडमधल्या एका छावणीत रोज हजारो माणसे, मुख्यतः पोल आणि ज्यू, मारली जात आहेत, असे त्यात आहे. म्हणजे पोपच्या कार्यालयात बातमी पोहोचली होती. आणि हे पत्र शोधून बाहेर काढले व्हॅटिकनच्याच एका अभिलेखपालाने.

आपल्या शेजारच्या गोव्याचाही इथे संबंध येतो. पोर्तुगालच्या सालाझारची राजवट पुरती फॅसिस्ट होती की नुसती हुकूमशाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. गोव्यात सभा घेतल्याबद्दल तुरुंगात गेलेल्यांना त्या वादाचे फारसे काही वाटले नसते. ७ मे १९४० रोजी व्हॅटिकनने सालाझारशी करार केला आणि सोबत वसाहतींतल्या मिशनसाठी वेगळा करार. सरकारने मिशनला पैसा द्यायचा, बिशप नेमताना सरकारचे मत घ्यायचे. पुढच्या वर्षीच्या पोर्तुगीज कायद्यात मिशनना साम्राज्याच्या उपयोगाच्या संस्था म्हटले गेले. लपवाछपवी नाही, सरळ लिहिले. त्याच गोव्यातले ट्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा कॅथलिक घरातले. १९४६ च्या लढ्यानंतर त्यांना पकडून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. खुद्द पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या बिशपने १९५८ मध्ये सालाझारला विरोधाचे पत्र लिहिले आणि दहा वर्षे देशाबाहेर काढली. स्पेनमध्ये १९७१ साली बिशप आणि धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत यादवी युद्धातल्या भूमिकेबद्दल क्षमा मागणारा ठराव आला. बहुमत मिळाले, दोन तृतीयांश मिळाले नाही, ठराव पडला.

आतापर्यंतचे वाचून "बघा, आपला धम्म कसा वेगळा" असे कोणाला वाटत असेल तर थांबा. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धात झेन पंथांनी सम्राटाच्या युद्धाला आशीर्वाद दिला. चीनमध्ये, कोरियात माणसे मारायला निघालेल्या सैनिकांना 'अनत्ता'चा आधार देऊन सांगितले की मारणारा कोणी नाही आणि मरणाराही कोणी नाही. सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ब्रायन व्हिक्टोरिया या सोतो पंथातल्याच भिक्खूने १९९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि २००१ मध्ये रिन्झाई पंथाच्या म्योशिन्जी शाखेनेही माफी मागितली. जपानचाही एक यागरश्टेटर होता. उचियामा गुदो, गरीब कुळांच्या बाजूने उभा राहणारा सोतो भिक्खू. १९११ मध्ये त्याला फाशी दिली. त्याच्या पंथाने फाशीच्या आधीच त्याला भिक्खूपदावरून काढून टाकले होते. त्याचे पद परत दिले ते १९९३ मध्ये, ८२ वर्षांनी.

आणि म्यानमार तर कालचे आहे. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव वाचवून बांगलादेशात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथले सर्वांत मान्यवर मानले जाणारे भिक्खू सितागू सयाडॉ यांनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर महावंसातली दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. युद्धात मारलेल्यांपैकी जे बौद्ध नव्हते त्यांचे पाप फारसे लागत नाही, असा त्या कथेचा रोख आहे. आपल्याकडच्या किती विहारांत यावर चर्चा झाली? आमच्या विहारात झाली नाही. आपण तेव्हा गप्प होतो, कारण "आपल्या धर्माची बदनामी नको" असे वाटत होते. जर्मन बिशपांनाही नेमके हेच वाटत होते.

तथागतांनी भिक्खूसंघाला पवारणेचा विधी दिला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढे सांगतो की माझ्या हातून काही चुकल्याचे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल, तर मला सांगा. थोरातला थोर भिक्खूही हे म्हणतो. माफी मागण्याच्या आधीची ही पायरी आहे. आपल्या चुका दुसऱ्याला मोजू द्यायच्या. चर्चला तिथे पोहोचायला पंचाहत्तर वर्षे लागली. आपल्याकडे तो विधी अडीच हजार वर्षांपासून आहे, पण विहाराच्या समित्या, जयंती मंडळे, संघटना यांना तो लागू आहे असे आपण कधी मानले नाही.

त्या रविवारी ताईच्या प्रश्नानंतर एक मुलगा बोलला. तो सहसा बोलत नाही. आमच्या परिसरातल्या एका गावी काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मातंग वस्तीतल्या पोरांना मागे चालायला लावले होते आणि भोजनदानाच्या पंगतीत त्यांना शेवटी बसवले होते. तिथल्या मंडळाने पुढे त्यावर कधी शब्द काढला नाही. त्या मिरवणुकीत आमच्यातले चारजण होते. आम्ही पाहिले होते. कार्यक्रमाला गालबोट नको म्हणून आम्ही बोललो नाही.

आम्ही आता दोनशे पानी वही आणली आहे. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून पाणवठे, वेठबिगार, बहिष्कार यांच्या नोंदी नाव, गाव, अंदाजे साल अशा पद्धतीने त्यात उतरवायच्या आहेत. आश्विन पौर्णिमेच्या आत मोताळा तालुक्यातली निदान दहा गावे व्हावीत असा विचार आहे. ती मिरवणूकही वहीत येणार, एवढे ठरले आहे. ती पहिल्या पानावर लिहायची की शेवटच्या, यावर दोन रविवार झाले, अजून वाद चालू आहे.